सर्पगंधेची कसोटी

नोकरीच्या निमित्ताने ज्यांनी दिल्लीच्या करोल बागेत चार वर्षे काढली आहेत, त्यांना अजमलखान रस्ता ठाऊक नाही असे सहसा घडत नाही. ज्यांच्या नावाने हा रस्ता ओळखला जातो ते हकीम अजमलखान १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि दिल्लीतील नामांकित हकीमही होते. परंतु त्यांच्या नावाचे आणखी एक स्मारक आहे आणि ते रस्त्यावरून जाणाऱ्याच्या दृष्टीस पडत नाही. सर्पगंधा या झुडपाच्या मुळांतून १९३१ साली एक स्फटिकरूप द्रव्य वेगळे काढण्यात आले. त्याचे नाव ‘अजमलिन’. हृदयाच्या स्पंदनातील एक दडलेला आणि प्रसंगी प्राणघातक ठरणारा दोष उघडकीस आणण्यासाठी काही देशांतील हृदयरोगतज्ज्ञ आजही या द्रव्याची सुई टोचून रोग्याचा हृदयालेख तपासतात.

अशा गोष्टी ऐकल्या की आपल्याकडे दोन प्रकारचे उद्गार निघतात. “हे सारे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते,” असे एक पक्ष म्हणतो. “झाडपाल्यात काय ठेवले आहे? पाश्चात्त्यांनी हात लावला तेव्हा त्याचे औषध झाले,” असे दुसरा पक्ष म्हणतो. सर्पगंधेचा इतिहास नीट पाहिला तर तो या दोहोंपैकी एकाच्याही बाजूने साक्ष देत नाही. एखादी वनस्पती गुणकारी आहे अशी लोकांची समजूत असणे, तिच्यात खरोखरच गुण असल्याचे सिद्ध होणे आणि तो गुण निर्धोक आहे असे ठरणे, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीपासून दुसरीपर्यंत पोचण्यास शतके लागली. तिसरीचा शोध त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिला.

सर्पगंधा हे करवीर कुलातील, कमरेएवढे वाढणारे लहानसे झुडूप. हिमालयाच्या पायथ्यापासून बिहार, बंगाल, आसाम आणि खाली कोकण-मलबारापर्यंतच्या ओलसर सावलीत ते उगवते. फुले पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली. फळे पिकली की काळसर. आणि औषधी भाग म्हणजे जमिनीखालचे वेडेवाकडे, अतिशय कडू मूळ. मराठीत त्यास अडकई अशीही संज्ञा आहे. चरक-सुश्रुतांच्या संहितांत ‘सर्पगंधा’ हे नाव येते. मात्र त्या नावाची वनस्पती म्हणजे आजची सर्पगंधाच होय की काय, याविषयी विद्वानांत एकमत नाही. लोकव्यवहारातील साक्ष त्याहून स्पष्ट आहे. बिहारात या मुळाला ‘पागल की दवा’ असे म्हणत. वेडाच्या झटक्यात आवरेनाशा झालेल्या माणसाला ते उगाळून देत. इतकेच नव्हे, तर रडणाऱ्या तान्ह्या मुलांना निजविण्यासाठीही त्याचा उपयोग करीत, अशी नोंद आहे. या दुसऱ्या उपयोगाने आजच्या वाचकाच्या अंगावर काटा येईल. परंतु परंपरा जशी होती तशीच पाहिली पाहिजे. तिच्यातील सोयीचा भाग उचलून गैरसोयीचा झाकून ठेवता येत नाही.

युरोपीयांच्या लेखनात या मुळाचा प्रवेश झाला तो गोव्याच्या द्वाराने. गार्सिया दा ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचे जाणे-येणे असे. भारतातील औषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. सापाशी झुंजण्यापूर्वी मुंगूस एक विशिष्ट वनस्पती खाऊन येते, ही आपल्या खेडोपाडी ऐकू येणारी कथा त्यात आहे. आणि सर्पविषावरील ज्या ‘सर्पकाष्ठां’चे त्याने वर्णन केले, त्यांपैकी एक सर्पगंधा असावी असे अभ्यासक मानतात. पुढे शास्त्रीय नामकरणात मोठी गंमत झाली. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्लुमिए याने १७०३ मध्ये या वंशाला राउवोल्फ या सोळाव्या शतकातील जर्मन वैद्याचे नाव दिले. हा राउवोल्फ बगदादपर्यंत आला होता. भारतात त्याने पाऊलही टाकले नव्हते. ज्या मुळाने बिहारातील वेडे शांत होत, त्यास ज्याने ते कधी पाहिलेही नसावे अशा माणसाचे नाव चिकटले.

नाव मिळाले, वर्णन झाले, पण परीक्षा झाली नाही. सर्पविषावरील उतारा म्हणून या मुळाची जी ख्याती होती ती तर पुढील परीक्षेत टिकलीच नाही. म्हणजे ज्या गुणामुळे वनस्पतीला तिचे नाव मिळाले तो गुण निराधार निघाला आणि बिहारच्या खेड्यांतला, ग्रंथांत फारसा न आलेला गुण खरा ठरला. परंपरेच्या साक्षीचे मूल्य यावरून ध्यानात यावे. ती प्रश्न कोठे विचारावा हे दाखविते. उत्तराची हमी देत नाही.

पहिली खरी परीक्षा झाली ती दिल्लीस. हकीम अजमलखानांनी करोल बागेत तिब्बिया कॉलेज उभारले आणि १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आयुर्वेद आणि युनानी औषधींचे आधुनिक पद्धतीने संशोधन व्हावे अशी हकीमसाहेबांची इच्छा होती आणि त्यासाठी त्यांनी जर्मनीत शिकत असलेल्या सलीमुझ्झमान सिद्दिकी या तरुण रसायनज्ञास हेरले होते. १९२७ च्या डिसेंबरात हकीमसाहेब निवर्तले. परंतु काम थांबले नाही. १९३१ साली सलीमुझ्झमान आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी सर्पगंधेच्या मुळांतून पाच अल्कलॉइडे वेगळी केल्याचे जाहीर केले. त्यांतील एकाला त्यांनी आपल्या दिवंगत आश्रयदात्याचे नाव दिले, तेच अजमलिन.

योगायोग असा की त्याच वर्षी कलकत्त्यास दुसरी परीक्षा चालू होती. कविराज गणनाथ सेन हे संस्कृत आयुर्वेदाचे पंडित आणि त्याचबरोबर आधुनिक वैद्यकाचे पदवीधर. त्यांनी व डॉक्टर कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली इंग्रजीत एक निबंध प्रसिद्ध केला. वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन विकारांवरील नवे भारतीय औषध, असा त्याचा मथळाच होता. मुळाची पूड वीस ते तीस ग्रेन, म्हणजे सुमारे सव्वा ते दोन ग्रॅम, दिवसातून दोनदा दिली असता रोग्यास झोप लागते, त्याचा उद्रेक शमतो आणि रक्तदाब उतरतो, असे त्यांनी नमूद केले. पुढे एकवीस-बावीस वर्षांनी जगाने जे मान्य केले त्याचा गाभा या निबंधात आहे. परंतु त्या वेळी त्याची वार्ता देशाबाहेर फारशी गेली नाही.

हे असे का व्हावे? ‘गुलाम देशाचे कोण ऐकतो’ हे उत्तर अगदीच खोटे नाही, पण ते अपुरे आहे. खरी अडचण त्या मुळातच होती. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी या वेळी देशी औषधींची शिस्तशीर तपासणी करीत होते. त्यांनी १९३३ साली सर्पगंधेतील एका अल्कलॉइडच्या प्राण्यांवरील परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढील दहा वर्षांत एक विलक्षण गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. मुळांतून शुद्ध स्फटिक काढून घेतले, तरी त्या स्फटिकांत सबंध मुळाचा निद्राजनक गुण पुरतेपणी सापडत नव्हता. तो गुण स्फटिक काढून घेतल्यावर मागे राहणाऱ्या राळेसारख्या चिकट गाळात होता. १९४३-४४ च्या सुमारास या गटाने तसे स्पष्टपणे लिहिले. शिवाय डेहराडूनकडील मुळे आणि बिहारकडील मुळे यांत एकच अल्कलॉइडे सापडत नाहीत, हेही उघड झाले होते. म्हणजे एका गावच्या वैद्याचा अनुभव दुसऱ्या गावच्या मुळाला लागू पडेलच असे नव्हते.

वनस्पतीच्या परीक्षेतील अर्धे कष्ट येथेच आहेत. रसायनज्ञाचा जीव स्फटिकावर असतो. गाळ तो टाकून देतो. म्हणून अर्काचा प्रत्येक अंश, म्हणजे पाण्यात उतरलेला, मद्यार्कात उतरलेला आणि तळाशी राहिलेला, निरनिराळा प्राण्यांवर तपासावा लागतो आणि गुण ज्या अंशाकडे जाईल त्याच्या मागोमाग जावे लागते. कलकत्त्याच्या मंडळींनी हा माग अगदी दारापर्यंत नेला होता. दार उघडले ते मात्र इतरांनी.

त्याआधी मुंबईच्या एका वैद्याचा वाटा सांगितला पाहिजे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित असलेले डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या गोळ्या रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन पाहण्यास प्रारंभ केला. वाढलेल्या रक्तदाबावर त्या काळी जवळजवळ काहीच इलाज नव्हता. कडक पथ्य किंवा मज्जातंतू कापण्याची अवघड शस्त्रक्रिया, एवढेच काय ते उपाय. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १९४५ साली याच विकारातून उद्भवलेल्या मेंदूतील रक्तस्रावाने गेले. जगातील उत्तमोत्तम वैद्य हाताशी असूनही त्यांना देण्यासारखे औषध कोणापाशी नव्हते. अशा काळात वकिलांनी पन्नास रोग्यांवरील आपला अभ्यास १९४९ साली लंडनच्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ‘पुष्कळ रोग्यांना बरे वाटले’ असे मोघम विधान नव्हते; किती रोग्यांचा दाब किती उतरला आणि कोणाला काय त्रास झाला याचा हिशेब होता. ज्यांनी कचेरीत फायली हाताळल्या आहेत त्यांना नोंद केलेल्या आकड्याचे आणि तोंडी सांगितलेल्या अनुभवाचे अंतर निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. वकिलांचा निबंध वाचून बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी आपल्या रोग्यांवर हे मूळ तपासले आणि १९३१ साली कलकत्त्याने सांगितलेली गोष्ट १९५० नंतर अटलांटिकपलीकडे ऐकू गेली. १९५७ साली वकिलांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले.

दार उघडले स्वित्झर्लंडातील बाझेल शहरी. सिबा या कंपनीच्या प्रयोगशाळेत मुल्लर, श्लिटलर आणि बाइन यांनी त्याच राळेसारख्या अंशाचा पाठपुरावा केला आणि १९५२ साली त्यातून ‘रेझर्पीन’ हे शुद्ध द्रव्य हाती आल्याचे जाहीर केले. मुळाची पूड ग्रॅममध्ये द्यावी लागे. रेझर्पीनचा पाव मिलिग्रॅम पुरे होई. या द्रव्याचा आणखी एक विशेष होता. त्याचा परिणाम फार सावकाश चढतो. नसेतून दिले तरी रक्तदाब उतरण्यास तास लागतात. पोटातून दिले तर पुरा गुण येण्यास दिवस, कधी आठवडेही. घटकाभराच्या प्रयोगात असे औषध ‘निष्क्रिय’ ठरण्याचा संभव फार. बाइन यांनी वाट पाहिली, म्हणून त्यांना तो गुण दिसला.

यानंतरच्या घटना झपाट्याने घडल्या. १९५४ साली न्यूयॉर्कजवळील रॉकलंड येथील वेड्यांच्या इस्पितळात नेथन क्लाइन यांनी रेझर्पीनचा उपयोग केल्याचे प्रसिद्ध केले. जे रोगी वर्षानुवर्षे बंदिस्त होते त्यांच्यापैकी कित्येक शांत झाले. १९५५ साली अमेरिकेतील ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेने हे द्रव्य शरीरातील सेरोटोनिनचे साठे रिकामे करते असे दाखविले. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी त्याच रेझर्पीनने निश्चेष्ट केलेल्या सशांना योग्य द्रव्य देऊन पुन्हा हालते केले. त्या वाटेने मेंदूतील डोपामिनचे कार्य उलगडले, कंपवाताच्या औषधाचा पाया घातला गेला आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९५६ साली वुडवर्ड यांनी रेझर्पीन प्रयोगशाळेत मुळापासून घडवून दाखविले. ‘पागल की दवा’ म्हणणाऱ्या बिहारी खेडुताला यातले काहीच ठाऊक नव्हते. आणि तो नसता तर या मुळाकडे कोणाचे लक्ष गेले असते, हेही सांगता येत नाही.

येथे कथा संपली असती तर ती विजयगाथा ठरली असती. परंतु औषधाची अधिक कठीण परीक्षा त्याच्या कीर्तीनंतर सुरू होते. १९५४ सालीच अमेरिकेतील एडवर्ड फ्राइस यांनी इशारा दिला की मोठ्या मात्रेत दीर्घकाळ रेझर्पीन घेणाऱ्या रक्तदाबाच्या काही रोग्यांना तीव्र विषण्णता येते. नाक चोंदणे, जुलाब, नाडी मंदावणे हे त्रास तर नित्याचेच होते. उद्रिक्त मन शांत करणारे द्रव्य शांत मनाला खिन्नतेच्या गर्तेत लोटू शकते. गुण आणि दोष हे दोन निराळे पदार्थ नव्हते. एकाच क्रियेची ती दोन अंगे होती. वनस्पतिजन्य म्हणून निरुपद्रवी, ही समजूत किती भोळी आहे याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

फ्राइस यांची थोरवी अशी की दोष सांगून ते थांबले नाहीत. रक्तदाबाचा आकडा उतरला म्हणजे रोगी वाचला असे होते काय, हा प्रश्न तोवर कोणी नीट विचारलाच नव्हता. त्यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एक परीक्षा झाली. तीव्र रक्तदाबाच्या १४३ पुरुषांपैकी ७३ जणांना तीन औषधे एकत्र देण्यात आली आणि त्यांत रेझर्पीन एक होते. उरलेल्या ७० जणांना तशाच दिसणाऱ्या, पण निष्क्रिय गोळ्या दिल्या. कोणाला काय मिळाले हे रोग्यालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नव्हते. १९६७ साली निष्कर्ष आला. निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांत २७ गंभीर आपत्ती घडल्या. औषध घेणाऱ्यांत अवघ्या २. रक्तदाबावर औषध दिल्याने माणसे वाचतात, ही आज आपणांस स्वयंसिद्ध वाटणारी गोष्ट अशा रीतीने सिद्ध झाली आणि सर्पगंधेच्या मुळातील द्रव्य त्या सिद्धतेत सहभागी होते.

तरीही कसोटी संपली नाही. १९७४ साली ‘लॅन्सेट’मध्ये अमेरिका, इंग्लंड आणि फिनलंड येथून तीन अहवाल एकदमच आले. रेझर्पीन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक दिसते, असा त्यांचा आशय होता. मोठी खळबळ उडाली. पुढील अभ्यासांत तो संबंध बहुतांशी टिकला नाही. पण तोवर नवी औषधे आली होती आणि रेझर्पीन मागे पडले. आज त्याचा वापर फार थोडा आहे. आरोप खोटा ठरण्यासही परीक्षाच लागते आणि तिलाही वर्षे लागतात.

इकडे मुळाची स्थिती काय झाली? मूळ हाच औषधी भाग असल्याने ते खणले की झाड गेले. जगाची मागणी वाढताच हिमालयाच्या पायथ्याची आणि मध्य भारताची जंगले खणली गेली. भारत सरकारला निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. कारखाने आफ्रिकेतील त्याच वंशाच्या एका झाडाकडे वळले, आणि १९९० साली सर्पगंधेचा समावेश दुर्मिळ जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत झाला. तुटवडा आला की भेसळ आलीच. सर्पगंधेच्या नावाने तिच्या बहिणींची मुळे बाजारात येऊ लागली. म्हणूनच परीक्षेची पहिली पायरी रसायनाची नसून ओळखीची आहे. हातातले मूळ कोणत्या झाडाचे, कोणत्या प्रांतातले, कोणत्या ऋतूत खणलेले, हे ठाऊक नसेल तर पुढचा सारा प्रयोग व्यर्थ होय.

या अनुभवातून आपल्या देशाने काही शिकले नाही असे म्हणता येणार नाही. १९५१ साली लखनौच्या छत्तर मंझिल या नबाबी प्रासादात केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली. तिने पुढे देशातील वनस्पतींची मोठ्या प्रमाणावर चाळणी हाती घेतली आणि तिचा पहिला विस्तृत अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला. पद्धत अशी: वनस्पतीचा निम्मे पाणी व निम्मा मद्यार्क यांत अर्क काढावयाचा, उंदरांवर त्याची विषारी मात्रा ठरवावयाची, मग जंतू, कृमी, रक्तातील साखर, रक्तदाब, मज्जासंस्था अशा अनेक अंगांनी त्याचा प्रभाव पाहावयाचा. येथे ग्रंथाचा वा लोकवार्तेचा कौल घेतला नाही तरी चालते. प्रत्येक वनस्पतीला तेच प्रश्न विचारले जातात. बहुतेक उत्तरे नकारार्थी येतात, आणि ती नोंदवून ठेवणे हेही शास्त्राचेच काम आहे. कायद्यानेही हळूहळू ही वाट धरली. चोप्रा समितीच्या शिफारशींतून १९४० चा औषध कायदा आला. २०१५ साली त्याच्या नियमांत वनस्पतिजन्य औषधांचा एक स्वतंत्र वर्ग करण्यात आला. ठरावीक प्रमाणात शुद्ध केलेला अर्क असावा, त्यातील किमान चार घटकांचे मोजमाप व्हावे आणि त्याची सुरक्षितता व गुण सिद्ध व्हावेत, अशी ही तरतूद आहे. ग्रंथोक्त औषधांना मात्र अद्यापि बऱ्याच अंशी ग्रंथाचा आधार पुरतो.

सर्पगंधेचा हा सारा प्रवास दिल्ली, कलकत्ता, मुंबई, बाझेल, बॉस्टन असा झाला आहे. एका हाताने तो झाला नाही आणि एकाच गावाला त्याचे श्रेय देता येत नाही. सेन-बोस यांचे निरीक्षण अचूक होते, पण एकाकी होते. सिद्दिकींचे स्फटिक अस्सल होते, पण त्यांत हवा तो गुण पुरता नव्हता. चोप्रांना गाळ ओळखता आला, पण त्यातील द्रव्य हाती आले नाही. वकिलांनी आकडे दिले, बाझेलने द्रव्य दिले, फ्राइस यांनी प्रथम दोष दाखविला आणि मग हिशेब पुरा केला. यांपैकी कोणीही आधीच्याला खोटे पाडले नाही. प्रत्येकाने आधीच्याने न विचारलेला प्रश्न विचारला.

आपल्या पूर्वजांचा अभिमान धरणाऱ्यांनी आणि त्यांची थट्टा करणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे असे यात एकच आहे. ‘हे द्रव्य काही करते काय?’ या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत काही महिन्यांत मिळू शकते. ‘ते कोणाला, किती मात्रेत, किती वर्षांनी अपाय करते?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यास मात्र पिढ्या लागतात, आणि ते उत्तर माणसांच्या शरीरांवरच लिहिले जाते. बिहारच्या ज्या तान्ह्या मुलांना हे मूळ उगाळून निजविले गेले, त्यांचा हिशेब कोणीच ठेवला नाही. परीक्षेचा आग्रह धरावयाचा तो परंपरेवर अविश्वास म्हणून नव्हे. असा हिशेब पुन्हा कोरा राहू नये म्हणून.